पुढच्या बाकावरची माणसं

सकाळच्या बातम्यांशी नोरीन गॉहनला काही देणंघेणं नसे. सरकार पडो की राहो, तिचं सगळं लक्ष बातम्यांनंतरच्या पाच मिनिटांकडे लागलेलं असे. मग स्थानिक रेडिओवरचा तो जड आवाजाचा माणूस एकेक नाव सावकाश वाचायला लागे : अमक्या गावचे अमके, राहत्या घरी, शांतपणे, प्रार्थनेची मिस्सा उद्या अकरा वाजता, माती चर्चशेजारच्या दफनभूमीत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई डिलिया तोंडातला पाव तसाच ठेवून कान टवकारी. डिलियानं ऐंशी ओलांडली होती, आणि आपण न्याहारी केली की नाही हे पाव हातात असतानाही तिला आठवत नसे. पण कोण गेलं ते ऐकताना तिचा चेहरा असा खुले, की पाहणाऱ्याला वाटावं, लग्नाचं आमंत्रण आलंय.

"जायचं ना?" ती विचारी.

"कोण होता तो, कळलं का तुला, मम्मी?"

"गेलाय ना? मग आता ओळख वाढवून काय करायचंय?"

मयतांना जाण्यात डिलियाचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तरुणपणी ती सायकलवरून जाई, नंतर नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर, नंतर मिळेल त्या गाडीनं. आयर्लंडातल्या मेयोच्या त्या भागात मयताला न जाणं हे उसनं न फेडण्यासारखंच समजलं जाई, आणि डिलियानं आयुष्यात कुणाचं काही ठेवून घेतलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या मातीला चर्चच्या बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. ते सगळे तिनं इतकी वर्षं मयतांत धरलेले हात होते, गाठीला बांधून ठेवलेले.

मग आजार आला आणि नावं एकेक करून उठून गेली. आधी नातवंडांची, मग शेजाऱ्यांची, मग घरातल्यांची. तेव्हा नोरीननं शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली. त्याआधीची पुष्कळ वर्षं ती इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या एका इस्पितळात पाचशे माणसांचे बटाटे सोलत होती. वडील गेल्यावर "थोडे दिवस" म्हणून आली आणि राहिली. लग्न केलं नाही. बॅलिनाचा एक अकॉर्डियन वाजवणारा गृहस्थ काही काळ दर रविवारी येत असे, पण तो अकॉर्डियन घेऊन यायचा, आणि नोरीनला निदान एक रविवार तरी शांततेचा हवा होता.

आता शांततेचा प्रश्नच नव्हता. आई दिवसभर तिच्या मागे मागे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरे आणि विचारी, "नोरीन कधी येणार?"

"येईलच इतक्यात," नोरीन म्हणे.

"आली की तिला सांग, इथली बाई फार चांगली आहे. पण चहा पातळ करते."

"सांगते हो."

मयतांचा शोध नोरीनला अपघातानंच लागला. त्याआधी तिनं आईला वाढदिवसाला नेऊन पाहिलं होतं, बारशाला नेलं होतं, एका चुलत भाचीच्या लग्नाला नेलं होतं. सगळीकडे तोच प्रकार. प्रत्येकजण आईच्या तोंडाशी वाकून म्हणे, "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?" आणि डिलियाचा चेहरा तोंडी परीक्षेत उभ्या केलेल्या मुलीसारखा पडे. लग्नात तर ती नवऱ्या मुलीलाच "मला घरी ने" म्हणत रडली. मग एकदा शेजारच्या मिसेस कॅरॅबिनचा नवरा गेला. आईला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून नोरीन तिला भीत भीत घेऊन गेली. रांगेत उभी राहिली. डिलियानं पुढं होऊन विधवेचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "फार वाईट झालं." आणि पुढं सरकली. तिच्या पुढच्याचा हात धरला. "फार वाईट झालं."

बस. त्यापलीकडे कुणाला काही नकोच होतं. नावं नकोत, वर्षं नकोत, तू कुणाची आणि मी कोण हे नको. सगळी माणसं हळू बोलत होती, हळू चालत होती, आणि जरा हरवल्यासारखीच दिसत होती. आई त्यांच्यात अगदी बेमालूम मिसळून गेली. मिस्साभर ती शांत बसली. केव्हा उभं राहायचं, केव्हा गुडघे टेकायचे, ते तिच्या गुडघ्यांना पाठ होतं. नोरीननं कितीतरी महिन्यांनी डोळे मिटले आणि कुणी तिला हाक मारली नाही. मागाहून चर्चच्या हॉलमध्ये चहा होता, हॅमचं सँडविच होतं, मनुकांचा केक होता. आणि त्यातलं काहीही नोरीननं केलेलं नव्हतं.

"किती छान झालं," घरी येताना आई म्हणाली होती. "कोणाचं होतं?"

तेव्हापासून त्या दोघी जाऊ लागल्या. नोरीननं काही नियम घातले. तरुण माणूस गेला असेल तर जायचं नाही; तसं नाव येतंय अशी शंका आली की ती भांड्यांवर नळ जोरात सोडी. एका आठवड्यात एकाच हॉलमध्ये दोनदा खायचं नाही. आणि आईनं शवपेटीबद्दल मोठ्यानं काही बोलायचं नाही. हा शेवटचा नियम फक्त नोरीन पाळत असे. "लाकूड हलकं आहे," डिलिया भर चर्चमध्ये सांगे. किंवा, "या फादरला घाई दिसतेय. चुलीवर बटाटे ठेवून आलाय."

लोक हसत, पण तोंडावर हात ठेवून. मात्र बातमी डब्लिनला पोचली.

डब्लिनला नोरीनचा धाकटा भाऊ मॅलकी राहत होता. तो विम्याच्या कंपनीत होता. कुठं काय बिघडू शकतं याचा अंदाज बांधायचा, हे त्याचं काम, आणि ते तो सुट्टीच्या दिवशीही करी. एका शुक्रवारी संध्याकाळी तो आला. चहा पिऊन होईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "नोरीन, तू मम्मीला परक्यांच्या मयताला नेतेस?"

"परके नसतात. मेयोतलेच असतात."

"आणि तिथं जेवता?"

"सँडविच म्हणजे जेवण नव्हे."

"हसू नकोस. ऑफिसात एक बॅलिनाचा माणूस आहे. तो मला म्हणतो, तुमच्या आईला परवा बघितलं, माझ्या मामांच्या मयतात, फार आनंदात होत्या. *आनंदात*, नोरीन! लोक काय म्हणतील?"

मग त्यानं खरी गोष्ट काढली. कॅसलबारजवळ एका वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली होती. चांगली होती, खिडकीतून तळं दिसत होतं. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. त्यांनी दोन्ही मुलांची संमती मागितली होती.

नोरीननं कप विसळायला घेतला. भाऊ वाईट नव्हता. त्याला आईला असं पाहवत नव्हतं, म्हणून तो कमी येई, आणि कमी येई म्हणून प्रत्येक वेळी त्याला ती जास्त बिघडलेली दिसे. आणि नोरीनला खरी भीती त्याची नव्हतीच. भीती ही होती की एखाद्या सकाळी, ओव्हनमध्ये भाजलेला स्वेटर सापडल्यावर, तीच हो म्हणून बसेल.

"रविवारपर्यंत राहा," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघ. मग तुला वाटलं तर मी हो म्हणेन. शब्द देते."

शनिवारी कुठंही जायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. रेडिओ लावायचाच नाही. आईचे केस धुवायचे, दुपारी कोबी आणि बेकन, सगळं कसं शहाण्यासारखं. पण सकाळी ती कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेली, आणि मॅलकीनं फुटबॉलच्या सामन्याची वेळ ऐकायला रेडिओ लावला. नोरीन परत आली तेव्हा जड आवाजाचा माणूस वाचत होता : "थॉमी रुआन, ड्रमकॅली, शेवटपर्यंत मेंढपाळ. मिस्सा आज अकरा वाजता." आणि आई दारात उभी होती. अंगात काळा कोट, डोक्यावर हॅट, खांद्याला हँडबॅग, पायात स्लिपर.

"मम्मी, आज नाही जायचं," मॅलकी म्हणाला. "तू त्याला ओळखतही नाहीस."

"तो तरी मला कुठं ओळखत होता? तक्रार केली का त्यानं?"

अर्धा तास समजूत घालणं चाललं. मॅलकीनं आईचा कोट काढला, तिनं घातला. त्यानं पुन्हा काढला. तिनं त्याचाच घातला. शेवटी ती खुर्चीवर बसून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माणसं वाट बघत असतील." आणि मॅलकीनं गाडीची किल्ली घेतली.

"मागच्या बाकावर बसायचं," डोंगराचा रस्ता चढताना तो बजावत होता. "मिस्सा संपली की हात मिळवायचा आणि थेट गाडीत. चहा नाही. सँडविच नाही."

"सँडविच नाही?" डिलिया म्हणाली. कुणी अगदी जवळचं गेल्याचं तिला आत्ता कळलंय, असा तिचा स्वर होता.

ड्रमकॅलीचं चर्च भरलेलं होतं. रुआन बंधूंना तिथं फारसं कुणी जवळून ओळखत नव्हतं. दोघे वर डोंगरात राहत, मेंढ्या विकायला तेवढे खाली येत. पण मयत म्हणजे मयत. मागचे सगळे बाक खचाखच होते, आणि दाराशी पुरुष नेहमीप्रमाणे उभे होते, अर्धे आत अर्धे बाहेर, म्हणजे मिस्साही होते आणि हवामानावर बोलताही येतं. आई घसरू नये म्हणून मॅलकीनं तिला आपला हात दिला.

तिथंच चुकलं. काळ्या कोटातला मुलगा, त्याच्या हातात आपला हात, समोर लांब मधली वाट आणि टोकाला शवपेटी. नवऱ्याच्या मातीला डिलिया अशीच चालली होती. डोक्यातून ते केव्हाच गेलं होतं, पण पायात राहिलं होतं. तिनं मान ताठ केली आणि चालायला लागली. मॅलकीनं हात ओढून पाहिला. पण तो लहानपणी वेदीवर घंटी वाजवणारा पोरगा होता. भरल्या चर्चमध्ये आपल्या आईला उलटं ओढत नेता येत नाही, हे त्याच्या हाडात होतं. दोन्ही बाजूंनी माना वळत होत्या, डोकी आदरानं खाली होत होती. मागून नोरीन नाइलाजानं येत होती. सगळ्यांत पुढच्या डाव्या बाकापाशी डिलियानं गुडघा वाकवला, क्रूसाची खूण केली आणि आत शिरली.

तो घरच्या माणसांचा बाक. त्यावर एकटाच एक म्हातारा बसला होता, सत्तरीचा, भावाचाच असावा इतका मोठा कोट घातलेला. तो नेसी रुआन.

"सरक बाळा थोडा," डिलिया त्याला म्हणाली.

नेसी सरकला.

"आता?" मॅलकी बहिणीच्या कानाशी कुजबुजला.

"आता गुडघे टेक."

अंत्यविधीची व्यवस्था बघणारा डर्कन टाचा न वाजवता जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद होता. "बरं झालं बाई, आलात. नेसी म्हणत होता, कुणीच नाही. मला तर खांदेकऱ्यांची काळजी पडली होती. तुम्ही पुतणे का?"

मॅलकीनं खुलासा करायला तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच घंटी झाली, सगळं चर्च उभं राहिलं, आणि मॅलकीच्या उघड्या तोंडातून जे बाहेर पडलं ते "आमेन" होतं.

फादर टूही म्हातारे होते आणि त्यांना लांबचं दिसत नसे, पण पहिल्या बाकावर चार डोकी आहेत एवढं त्यांना दिसलं. "थॉमी आणि नेसी डोंगरात एकटे आहेत, असं आपण समजत होतो," ते प्रवचनात म्हणाले. "पण बघा. दुःखाच्या वेळी रक्त धावून येतं." मॅलकीनं मान इतकी खाली घातली, की मागच्या बाकावरच्या बायकांना भरून आलं.

डिलिया शेजाऱ्याकडे वळली. "कोण गेलं?"

"थॉमी," नेसी म्हणाला. "माझा भाऊ."

"अरे देवा!" तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "फार वाईट झालं."

"हो," नेसी म्हणाला.

वेदीवर भाकर-द्राक्षारसाचं अर्पण सुरू झालं. डिलियानं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "कोणाचं आहे हे?"

"थॉमीचं. माझ्या भावाचं."

"तुझा भाऊ! अरे देवा. फार वाईट झालं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नोरीन आईची बाही ओढायला वाकली. पण नेसीनं तिच्याकडे बघून मान हलवली. राहू दे, असं.

मिस्सा संपली आणि रांग लागली. सगळी ड्रमकॅली एकेक करून त्यांच्यापुढून सरकायला लागली. प्रत्येकजण नेसीचा हात धरी, "फार वाईट झालं" म्हणे, मग डिलियाचा हात धरून तेच म्हणे. आयुष्यभर रांगेच्या त्या बाजूला उभी राहिलेली डिलिया या बाजूलाही तेच करत होती. "फार वाईट झालं," ती प्रत्येकाला उलट सांगत होती, इतक्या कळकळीनं, की काहीजण "खरंय, खरंय" म्हणत डोळे पुसत पुढं जात होते.

"किती माणसं आलीत बघ," ती मध्येच नेसीला म्हणाली. "मोठा माणूस असणार तुझा भाऊ."

"मोठा कसला. मेंढ्या होत्या त्याच्या."

"मग मेंढ्या चांगल्या असणार."

नेसी फिसकन हसला. रांगेतला पुढचा माणूस दचकला आणि चुकून मॅलकीचंच सांत्वन दोनदा करून गेला.

आणि मग रांगेत मिसेस कॅरॅबिन आली. नोरीनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मिसेस कॅरॅबिन त्यांची शेजारीण. तिला त्यांच्या घरातल्या मांजरांचंही गोत्र ठाऊक होतं. ती थबकली. तिनं डिलियाकडे पाहिलं, नेसीकडे पाहिलं, मॅलकीकडे पाहिलं.

"नोरीन! रुआन तुमचे कोण गं?"

"मिसेस कॅरॅबिन, ते असं झालं की..."

"थांब, सांगू नकोस!" एखादं नातं आपल्याला ठाऊक नाही, हे मिसेस कॅरॅबिनला या वयात सोसणारं नव्हतं. ती डोळे बारीक करून उभी राहिली. मागची रांग तुंबली. "डिलियाची आजी दलदलीकडची. ती रुआनच! मी कितीदा म्हटलंय. नाक बघ की, नेसीचं आणि मॅलकीचं. सारखं नाक." आणि ती ही बातमी मागच्यांना द्यायला रांगेतून उलटी निघाली. रांग संपेपर्यंत त्या आजीला नाव मिळालं होतं, सासर मिळालं होतं, आणि तिचं एक पत्र अमेरिकेहून आलेलं कुणालातरी आठवत होतं.

"खांद्याला कोण?" डर्कन विचारत होता. त्यानं उंचीप्रमाणे माणसं लावली. मॅलकी उंच, त्याच्या जोडीला जो मिळाला, तो त्याच्या काखेत मावण्यासारखा. थॉमी रुआन शेवटच्या वाटेला जरा तिरपाच निघाला. पाऊस नुकताच थांबला होता आणि दफनभूमीची वाट चढाची होती. मॅलकीचे डब्लिनचे बूट दर पावलाला चिखलात जात आणि एखाद्या गाईनं पाय काढावा तसा आवाज करत बाहेर येत. नोरीन मागून बघत होती. अर्ध्या वाटेवर त्यानं बूट वाचवायचं सोडून दिलं. कबरीशी दोर सोडताना तो ओठ घट्ट मिटून उभा होता. वडिलांच्या वेळी उभा होता तसा.

"लाकूड चांगलं आहे," डिलिया म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं, आणि नेसीनं समाधानानं मान हलवली.

हॉलमध्ये नुसती सँडविच नव्हती. तिथं जेवण होतं : कोंबडी आणि हॅम, कुस्करलेले बटाटे आणि त्याच ताटात भाजलेले बटाटे, वर रस्सा. घरच्यांचं टेबल वेगळं मांडलेलं होतं आणि खुर्च्या आधीच चार केलेल्या होत्या. मॅलकीनं नोरीनकडे पाहिलं. नोरीननं छताकडे पाहिलं. तो बसला. पहिला घास त्यानं कसंनुसं तोंड करून घेतला. दुसऱ्या ताटाला मात्र तो नाही म्हणाला नाही.

"तुम्ही कुणाकडून?" एका म्हाताऱ्यानं त्याला येऊन विचारलं.

मॅलकीनं काटा खाली ठेवला.

"आजीकडून," मॅलकी म्हणाला. "दलदलीकडच्या."

पण त्याचा स्वभाव गप्प बसणारा नव्हता. चहा आल्यावर तो नेसीच्या जवळ सरकला. कान लाल झाले होते. "मिस्टर रुआन, तुमची माफी मागायची आहे. आम्ही तुमचे कुणी नाही. आमच्या आईला... तिच्या काही लक्षात राहत नाही. ती चालत गेली, आणि मला थांबवता आलं नाही. सगळा घोटाळा झाला."

"ते मला ठाऊक आहे," नेसी म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"आम्ही दोघेच होतो. पुतणा कुठून येणार? थॉमीचं लग्न नाही, माझं नाही." त्यानं चहात साखर टाकली, ढवळली. "पण तुम्ही उठून गेला असतात, तर मला त्या रांगेला एकट्यानं तोंड द्यावं लागलं असतं. मला माणसांशी बोलायची सवय नाही. म्हटलं, बसू देत."

"तरी पण तिनं तुम्हाला सारखं सारखं तेच विचारून..."

"हं. त्याचंच सांगतो." नेसीनं चमचा बशीत ठेवला. इतकं सलग बोलण्याची त्याची ही बहुधा त्या वर्षातली पहिलीच वेळ होती. "बाकीच्यांनी एकदा म्हटलं आणि पुढं गेले. तसंच करायचं असतं. यांनी दर वेळी म्हटलं, आणि दर वेळी आत्ताच कळल्यासारखं. थॉमी गेला हे परवापासून मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मेंढ्यांना सांगितलं. यांना चौथ्या-पाचव्यांदा सांगताना मला रडू आलं. तोवर आलंच नव्हतं."

डिलिया केकमधल्या मनुका वेचून बशीच्या कडेला लावत होती. तिनं मान वर केली. "कोण गेलं?"

नेसीनं मॅलकीकडे पाहिलं. जणू आता पाळी त्याची होती.

"थॉमी, मम्मी," मॅलकी म्हणाला. "यांचा भाऊ."

"अरे देवा," डिलिया म्हणाली, आणि बशी नेसीपुढं सरकवली.

निघताना नेसी गाडीपर्यंत आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "थॉमीची महिन्याची मिस्सा असेल. बरोबर महिन्यानं, शनिवारीच. तुम्ही आला नाहीत तर ड्रमकॅलीत बोलतील. म्हणतील, नातेवाईक भांडले. म्हणतील, जमिनीवरून."

मॅलकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लोक काय म्हणतील, ही एक गोष्ट सोडून तो जगात कशालाच भीत नव्हता.

"येऊ," तो म्हणाला.

"आईंनाही आणा. त्यांच्याशिवाय नको."

गाडी डोंगर उतरू लागली. नोरीन पुढं बसली होती, आई मागे, हँडबॅग मांडीवर. नोरीनला कालचा शब्द आठवत होता. डोळ्यांनी बघ, म्हणाली होती ती. आणि यापेक्षा जास्त बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. भर चर्चमध्ये, पहिल्या बाकावर, मेलेल्या माणसाचे नातेवाईक म्हणून. आता त्यानं विचारलं की हो म्हणायचं. ती वाट बघत राहिली. दलदलीचा सपाट रस्ता लागला, तरी तो विचारेना.

"तर मग?" शेवटी तिनंच विचारलं. "सोमवारचं काय?"

"कसं जमणार?" मॅलकी चिडूनच म्हणाला. "तुला ऐकू आलं ना? महिन्याची मिस्सा आहे. मम्मीला तिकडे कॅसलबारला ठेवलं, आणि तिथून मयताला सोडतात की नाही कुणाला ठाऊक. आणि ती आली नाही तर ती कॅरॅबिन काय काय पसरवेल."

"मग त्यांना सांगशील काय?"

मॅलकीनं विचार केला. "सांगतो, घरात मयत झालंय."

नोरीन खिडकीबाहेर बघू लागली, त्याला तिचं तोंड दिसू नये म्हणून. हे कायमचं नव्हतं, हे तिला कळत होतं. एक दिवस आईला ते तळं बघायला जावंच लागणार होतं. पण तो दिवस आता निदान एका मिस्सापलीकडे गेला होता. थोडा वेळ जाऊ देऊन ती म्हणाली, "त्यानंतर वर्षाची असते, मॅलकी. वर्षाच्या मिस्साला घरची माणसं लागतातच."

"असते का?"

"दर वर्षी असते."

"हं," मॅलकी म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "जुने बूट आणीन."

मागून हँडबॅगचं बक्कल उघडल्याचा आवाज आला. डिलियानं कागदी रुमालाची एक पुडी काढली. घरच्यांसाठी म्हणून हॉलमधल्या बायकांनी कोंबडीच्या जोडीला काय काय ठेवलं होतं, आणि तिनं ते केव्हा उचललं, देव जाणे. तिनं दोन सीटांच्या मधून हात पुढं केला. हॅमचं सँडविच होतं, कडा कापलेलं.

"घे," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तू चांगला मुलगा आहेस. कोण गेलंय तुझं?"

मॅलकीनं एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्यानं सँडविच घेतलं.

"थॉमी," तो म्हणाला. "आजीकडून नात्यातला."

"अरे देवा," डिलिया म्हणाली, आणि मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली. "फार वाईट झालं."